आईचा खर्च आईच्या पैशातून: कळव्यातल्या एका घराचं प्रकरण

कळव्यात, खारेगावला राहणाऱ्या 82 वर्षांच्या एका काकूंना जून 2025मध्ये टिटवाळ्याजवळच्या एका केअर होममध्ये ठेवण्यात आलं. त्याआधीचे चार महिने त्यांच्या तीन मुलांत एकच वाद चालू होता: महिन्याचे पैसे कोणी किती द्यायचे. हिशोब नीट मांडल्यावर दिसलं की नेहमीचा खर्च काकूंच्या स्वतःच्या पैशातून जवळजवळ पूर्ण भागतो. तो हिशोब मांडायलाच कोणी तयार नव्हतं, कारण आईच्या पैशाला हात लावणं तिघांनाही पाप वाटत होतं.

मी बँकेतून निवृत्त झाले आणि ठाण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात कागदपत्रांचं काम बघते. अशी घरं वरचेवर भेटतात. हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. आईवडिलांनी म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा त्यांच्या म्हातारपणावरच खर्च व्हायला हवा. मुलांनी तो पुढच्या वाटणीसाठी राखून ठेवायचा आणि आईच्या डायपरच्या पैशावरून एकमेकांशी बोलणं टाकायचं, यात आईचा मान कुठे राहतो?

काकूंचे यजमान मध्य रेल्वेच्या कळवा कारशेडमध्ये होते. ते गेले तेव्हा खारेगावचा एक बीएचके फ्लॅट, बँकेतल्या ठेवी आणि काकूंची फॅमिली पेन्शन एवढं मागे राहिलं. थोरला मुलगा ऐरोलीला राहतो, खासगी कंपनीत आहे. मधली लेक डोंबिवलीला, शाळेत शिक्षिका. धाकटा पुण्यात, डोक्यावर घराचं कर्ज. जानेवारीत काकू बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्याआधीही थोडा विसरभोळेपणा होताच. ऑपरेशननंतर तो वाढला आणि मेंदूच्या डॉक्टरांनी डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, सुरुवात असल्याचं सांगितलं. सकाळी त्या चांगल्या असत, दिवेलागणीनंतर गोंधळत.

पहिले काही महिने घरीच व्यवस्था केली. रुग्णांसाठी बाया पुरवणाऱ्या ब्यूरोची चोवीस तासांची बाई महिन्याला 24,000, तिच्या जेवणाचा वरखर्च 4,000, औषधं 3,000, डायपर 3,500, फिजिओथेरपी 6,000, वर सोसायटीचं मेंटेनन्स आणि वीजबिल मिळून 3,500. एकूण 44,000. बाई बदलली की ब्यूरोचं कमिशन पुन्हा. शिवाय बाई गावी गेली की लेकीने शाळा सुटल्यावर डोंबिवलीहून स्लो लोकलने कळवा गाठायचं आणि रात्र तिथेच काढायची. हा भार कोणत्याही वहीत लिहिलेला नव्हता. घरी ठेवणं स्वस्त आणि वृद्धाश्रम महाग, असं धरून बोलणारे फार भेटतात. चोवीस तास माणूस लागणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ते अनेकदा खरं नसतं, आणि इथे तर नव्हतंच.

मार्चमध्ये लेकीने भावांना सांगितलं की आता तिच्याने होत नाही. तिथून वादाला तोंड फुटलं. थोरला म्हणाला, खर्चाचे तीन समान भाग करू. धाकटा म्हणाला, हप्ता गेल्यावर हातात काही उरत नाही. लेकीच्या सासरी सूर निघाला की मुलीकडून पैसे घेण्याची पद्धत कुठे आहे. थोरल्याच्या बायकोचं म्हणणं, घर तिघांचं होणार तर खर्चही तिघांचा. एक शेजारी तर मध्ये पडून म्हणाले, काकूंनी प्रांताकडे अर्ज करावा, कोर्ट पैसे द्यायला लावेल.

शेजाऱ्यांचा सल्ला अर्धवट होता. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीचा 2007चा कायदा खरोखरच दाद देतो. उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे, म्हणजे प्रांतांपुढे, अर्ज करता येतो. मुलगा आणि मुलगी दोघांवरही जबाबदारी सारखीच आहे, हे लेकीच्या सासरच्यांनीही ऐकून ठेवण्यासारखं. पण मूळ कायद्यात निर्वाह रकमेची कमाल मर्यादा महिन्याला 10,000 रुपये आहे, आणि ज्या आईला स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करता येत नाही तिच्यासाठी ही तरतूद आहे. काकूंचं उत्पन्न किती, हेच तोवर कोणी मोजलेलं नव्हतं.

तिघांना मी एकत्र बसवलं आणि आईची पासबुकं, ठेवींच्या पावत्या, पेन्शनचे कागद आणायला सांगितले. थोरल्याचे शब्द मला नीट आठवतात. "मॅडम, आईच्या पैशाला हात लावायचा नाही. ते तिचं तिच्याजवळ राहू दे." मनातून बोलत होता तो. मी विचारलं, "तिच्याजवळ राहून ते तिच्या कोणत्या कामाला येणार?" त्यावर तो गप्प बसला आणि पिशवीतून कागद काढायला लागला.

पेन्शनमधली चूक

पासबुकात दर महिन्याला 17,050 रुपये जमा होत होते. मूळ फॅमिली पेन्शन 11,000, त्यावर तेव्हाची 55 टक्के महागाई सवलत. आकडा बरोबर दिसत होता, पण वय बघितल्यावर खटकलं. केंद्र सरकारच्या आणि रेल्वेच्या नियमांप्रमाणे वयाची 80 वर्षं पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनमध्ये 20 टक्क्यांची भर पडते. 85 पूर्ण झाल्यावर ती 30 टक्के होते, 90 नंतर 40, 95 नंतर 50 आणि शंभरी गाठल्यावर पेन्शनइतकीच पेन्शन वर मिळते. फॅमिली पेन्शनलाही हे लागू आहे. काकूंनी मार्च 2023मध्ये ऐंशी पूर्ण केली होती. भर मिळत नव्हती.

कारण ठरलेलं असतं. यजमानांच्या पेन्शन आदेशात, ज्याला सगळे पीपीओ म्हणतात, त्यात त्यांची जन्मतारीख असते, बायकोची बऱ्याच जुन्या आदेशांत नसते. बँकेच्या संगणकाला तिचं वयच माहीत नसेल तर भर सुरू होणार कशी? घरात ऐंशीच्या पुढची फॅमिली पेन्शनर असेल तर आजच पीपीओ उघडून तिची जन्मतारीख आहे का ते बघा. वयाचा पुरावा जोडून बँकेच्या पेन्शन केंद्राकडे आणि रेल्वेच्या लेखा विभागाकडे अर्ज गेला. दुरुस्ती व्हायला वर्षाचा शेवट उजाडला. मार्च 2023पासूनची थकबाकी आली ती 1 लाख 9 हजारांच्या घरात. भर धरून नवी मूळ रक्कम 13,200, म्हणजे 55 टक्के सवलतीने 20,460.

ठेवी वेगवेगळ्या बँकांत मिळून 16 लाख होत्या. काडी काडी जमवलेला पैसा, पण विखुरलेला. काही ठेवींचं व्याज मुद्दलातच वाढत होतं, म्हणजे दरमहा हाती काहीच नाही. ज्या ठेवींची मुदत संपत आली होती त्यातले 10 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. 8.2 टक्क्यांनी वर्षाला 82,000, दर तिमाहीला 20,500, महिन्याच्या हिशोबात 6,833. या योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. सगळे पैसे मात्र टाकले नाहीत, टाकूही नयेत. मुदत पाच वर्षांची आहे. वर्षाच्या आत खातं बंद केलं तर दिलेलं व्याज परत घेतात, दोन वर्षांच्या आत दीड टक्का आणि नंतर एक टक्का कापतात. आजारी माणसाच्या घरी लाख-दोन लाख कधी लागतील सांगता येत नाही. म्हणून दीड लाख केअर होमच्या डिपॉझिटसाठी वेगळे आणि साडेचार लाख बँकेत, हवे तेव्हा मोडता येतील असे.

फ्लॅटचं भाडं

तिसरा आधार फ्लॅट. काकू केअर होममध्ये गेल्यावर तो बंद ठेवायचा की भाड्याने द्यायचा? इथे धाकट्याने सगळ्यात जास्त विरोध केला. "आईला वाटेल आपण तिला बाहेर काढलं." त्याच्या मनातली भीती मी समजू शकते. पण बंद घरालाही मेंटेनन्स भरावं लागतं, आणि भाड्याशिवाय मेळ बसत नव्हता.

भाडं 16,000 ठरलं. त्यातून सोसायटीचं मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा जाऊन सरासरी 13,500 हातात. सोसायटीने भाडेकरू येणार म्हणताच नॉन-ऑक्युपन्सी शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार, दरमहा 1,500 मागितलं. महाराष्ट्र सरकारच्या 2001च्या आदेशाने हे शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पालिकेचे कर त्या सेवाशुल्कात धरायचे नसतात. त्यांच्या बिलात सेवाशुल्क 1,800, म्हणजे जास्तीत जास्त 180 रुपये. आदेशाची प्रत दाखवल्यावर सेक्रेटरींनी बिल बदललं, वाद झाला नाही.

पण खरी गुंतागुंत मालकीची होती. फ्लॅट यजमानांच्या नावावर होता, मृत्युपत्र नव्हतं. नॉमिनी म्हणून काकूंचं नाव सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर चढलं आणि मुलांनी गृहीत धरलं की घर आईचं झालं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने बायको आणि मुलं यांचा हिस्सा सारखा. म्हणजे इथे चौघांचा चौथा-चौथा भाग. तेव्हा भाड्यावरही कागदोपत्री चौघांचा हक्क येतो. तिघांनी लेखी संमती दिली की आई आहे तोवर सगळं भाडं तिच्याच खात्यात जाईल. भाडेकरूकडून आलेली 50,000ची अनामत वेगळी ठेवली. ती परत करायची असते, तिच्यात हात घालायचा नसतो.

असा हिशोब जमला: पेन्शन 20,460, पोस्टाचं व्याज 6,833, भाडं 13,500. एकूण 40,793. कागदावर बेरीज झाली तेव्हा थोरल्याने ती पुन्हा स्वतःच्या फोनवर करून बघितली. लेक रडायला लागली.

कर किती लागेल ही धास्तीही होती. वर्षाचं उत्पन्न सगळ्या वजावटींनंतर पावणेपाच लाखांच्या आसपास येतं. नव्या करपद्धतीत 2025-26साठी 12 लाखांपर्यंत सवलत असल्याने कर शून्य. विवरणपत्र मात्र भरावं लागतं, आणि बँकेत 15एच, म्हणजे कर लागत नसल्याचं सांगणारा फॉर्म, दिला की व्याजातून टीडीएस कापला जात नाही.

जिथून पैसे मिळत नाहीत

या घराने चार ठिकाणी आशा लावली होती. ती का फोल ठरली ते लिहून ठेवते, म्हणजे इतरांचे हेलपाटे वाचतील.

धाकट्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील होते. खुब्याच्या ऑपरेशनचे पैसे त्यातून मिळाले म्हणून त्याला वाटलं केअर होमचेही मिळतील. आरोग्य विम्यातलं एक नेहमीचं अपवाद कलम विश्रांती, पुनर्वसन आणि देखभालीसाठीची भरती वगळतं. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, चालताना धरणं यासाठीचा खर्च, घरी असो की संस्थेत, त्यात येत नाही. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर 2024पासून आलेलं 5 लाखांचं आयुष्मान संरक्षणही रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे.

थोरल्याच्या मित्राने रिव्हर्स मॉर्गेज सुचवलं. घर बँकेकडे गहाण, बँक दरमहा पैसे देते, कर्ज मागाहून घरातून वसूल. ऐकायला सोन्यासारखं. पण त्यात अट अशी की ज्येष्ठाने त्या घरात राहायला हवं. कायमचं दुसरीकडे राहायला गेलं की कर्ज परतफेडीला येतं. ज्या कारणासाठी पैसे हवेत त्याच कारणाने योजना बंद पडते. शिवाय मालकी चौघांची.

आयकरात केअर होमच्या फीची अशी वेगळी वजावट नाही. औषधोपचारांच्या खर्चाची जी सूट आहे ती जुन्या करपद्धतीत, आणि दोघेही भाऊ नव्या पद्धतीत होते.

उपयोगी पडलं ते रेल्वेचं वैद्यकीय कार्ड, जे कोणी खर्चाच्या हिशोबात धरलंच नव्हतं. कल्याणच्या रेल्वे रुग्णालयातून नेहमीची बरीच औषधं मिळायला लागली.

केअर होम आणि त्याचा करार

पाहिलेल्या जागांपैकी तीन विचारात घेतल्या. बदलापूरकडचा एका ट्रस्टचा वृद्धाश्रम महिन्याला 18,000, शांत, झाडं भरपूर. पण ते फक्त चालतीफिरती माणसं घेतात, आणि काकूंना वॉकर घेऊनही धरावं लागत होतं. खारघरला रो हाऊसमधलं केंद्र 42,000, वर जीएसटी. (धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेत साठीपुढच्या रहिवाशाचं राहणं-जेवण-देखभाल मिळून महिन्याला 25,000पर्यंत असेल तर जीएसटी माफ असतो. खासगी ठिकाणी सांगितलेली रक्कम करासह की कर सोडून, हे पहिल्याच फोनवर विचारावं.) तिसरं टिटवाळ्याजवळचं, 32,000, दोघींत एक खोली, रात्री नर्स हजर. डायपर, औषधं, फिजिओ वेगळं, त्याचे अंदाजे 7,000. एकूण 39,000. डोंबिवलीहून लेकीला कल्याण गाठून पुढची कसारा लोकल पकडली की पोचता येतं. पैशांच्या हिशोबाइतकाच हाही मुद्दा मी धरते. ज्या ठिकाणी घरचं माणूस वरचेवर आणि न सांगता जाऊ शकतं, तिथे काळजी जास्त घेतली जाते.

करार तीन पानांचा होता आणि तिघेही वरवर वाचून सही करायला निघाले होते. आम्ही संध्याकाळ घालवून तो ओळीओळीने वाचला.

जबाबदार नातेवाईक म्हणून एकट्या थोरल्याची सही मागितली होती आणि खाली बारीक अक्षरात की थकलेली सर्व रक्कम त्याच्याकडून वसूल करता येईल. तिघांच्या सह्या घ्यायला लावल्या. डिपॉझिट दीड लाख, परत कधी मिळणार याचा पत्ताच नव्हता. रहिवासी गेल्यास किंवा निघाल्यास 30 दिवसांत, शेवटचं बिल वजा करून, असं लिहून घेतलं. फी "वेळोवेळी वाढेल" होतं. दर एप्रिलला आणि 8 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, असं ठरलं. रुग्णालयात भरती केल्यास त्या दिवसांची फी काय, याबद्दल एक शब्द नव्हता. मालक म्हणाले, खोली तर अडकून राहते. त्यांचंही म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी सलग सात दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी असेल तर पुढच्या दिवसांची अर्धी फी, यावर जमलं. "एक्स्ट्रा केअर" नावाचा आकार घरच्यांना आधी लेखी कळवल्याशिवाय लावायचा नाही. औषधांची मूळ बिलं द्यायची.

अशा जागा चालवणारी बहुतेक माणसं वाईट नसतात. त्यांचाही कर्मचाऱ्यांचा आणि भाड्याचा खर्च चढत असतो. पण न लिहिलेल्या गोष्टीवरून भांडण झालं की त्याची झळ आत राहणाऱ्या माणसाला लागते, म्हणून हे सगळं पहिल्या दिवसाआधी.

सह्या, अंगठा आणि डोकं ठिकाणावर असताना

सगळ्यात घाई मी याची केली. मुलांना वाटत होतं की आईकडून एक मुखत्यारपत्र करून घेतलं की पुढचं सगळं निभेल. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की मुखत्याराचा अधिकारही जातो, करार कायद्यात तसं स्पष्ट आहे. डिमेन्शिया वाढल्यावर, म्हणजे नेमकं जेव्हा गरज पडते तेव्हा, तो कागद निकामी. मग मालमत्तेसाठी पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं, कारण 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेच्या पालकाची सोयच ठेवलेली नाही. त्यात वेळ जातो आणि वकिलाची फी जाते.

म्हणून काकूंना समजतं आहे तोवर, आणि सकाळच्या वेळी, कामं उरकली. मेंदूच्या डॉक्टरांकडून त्यांना व्यवहार समजतो असं त्या तारखेचं प्रमाणपत्र घेतलं. पेन्शनचं खातं त्यांच्या एकटीच्या नावावर होतं, तसंच ठेवलं. लेकीबरोबर दुसरं संयुक्त खातं उघडलं, दोघींपैकी कोणीही चालवू शकेल असं, आणि पेन्शन जमा झाली की दर महिन्याच्या 3 तारखेला ठरलेली रक्कम आपोआप तिकडे वळेल अशी सूचना बँकेला दिली. भाडं आणि पोस्टाचं व्याजही तिथेच. सगळीकडे नॉमिनी तपासले. दोन ठेवींवर अजून यजमानांचंच नाव होतं.

भाडेकराराची नोंदणी घरी झाली. अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावा लागतो. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. काकूंच्या बोटांवरच्या रेषा धुणीभांडी करून पुसट झालेल्या. उजवा अंगठा लागेना, डावा लागेना, तर्जनी लागेना. लेकीने कोमट पाण्यात त्यांचे हात बुडवले, टॉवेलने कोरडे केले, पुन्हा एकेक बोट. डाव्या हाताच्या अनामिकेवर यंत्राने हिरवा दिवा दाखवला. काकू तोवर एजंटला विचारत होत्या, "भाडं किती ठरलं रे?"

तो प्रश्न ऐकून मी मुलांना म्हटलं की आता हिला सगळं सांगा. तोवर त्यांनी आईला सांगितलं होतं की पाय बरा होईपर्यंत दवाखान्यात राहायचं आहे, आणि पैसे सरकार देतं. संसारभर वाण्याच्या उधारीची वही स्वतः लिहिणारी बाई. तिच्यापासून तिचाच हिशोब लपवायचा? दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी त्यांच्यासमोर कागद ठेवला आणि मोठ्या अक्षरात आकडे लिहिले. केअर होम इतकं, पेन्शन इतकी, भाडं इतकं. त्यांनी बोट फिरवत खालपर्यंत वाचलं.

"म्हणजे पोरांना काही द्यावं लागणार नाही?"

"थोडंफार लागेल कधी. पण मुख्य खर्च तुमच्याच पैशातून, काकू."

"मग बरंय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने विचारलं, "घर विकणार नाहीत ना?" थोरला म्हणाला, "नाही गं आई, भाड्याने दिलंय." संध्याकाळी त्या हे विसरल्या आणि पुन्हा विचारलं. पुन्हा खरंच सांगितलं. जायला त्यांनी हौसेने होकार दिला असं मी म्हणणार नाही. पण कोणावर ओझं होऊन जात नाही, हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांच्या वागण्यात तो फरक मला दिसला.

भावंडांमधला कागद

मुख्य खर्च भागतो म्हणजे मुलांचं काम संपलं असं नाही. 40,793मधून 39,000 गेले की उरतं किती? रुग्णालय, रिकामा फ्लॅट, फीवाढ, हे सगळं पुढे उभंच होतं. तिघांनी 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर दीड पानाची समजूत लिहिली. थोरला दरमहा 3,000, धाकटा 2,000 वेगळ्या खात्यात टाकेल. लेकीने काही देऊ नये, तिची ये-जा आणि देखरेख हाच तिचा वाटा, असं मी सुचवलं. तिने ऐकलं नाही. "मला बाजूला काढू नका, मी हजार देणार." तेही लिहिलं, आणि तिची ये-जा हे काम म्हणून स्वतंत्र ओळीत लिहिलं. ती ओळ थोरल्याने स्वतः सांगितली. खर्चाचा तक्ता तिघांना फोनवर दिसेल असा ठेवला. आईच्या पाटल्या आणि मंगळसूत्र लेकीच्या लॉकरमध्ये, तिघांनी फोटो काढून, वजन लिहून.

पुढचे महिने

जूनपासून पेन्शनची दुरुस्ती होईपर्यंत महिन्याला दीड-दोन हजार कमी पडत होते. ते बँकेतल्या ठेवीतून काढले, थकबाकी आल्यावर परत ठेवीत घातले. सप्टेंबरात काकूंना न्यूमोनिया झाला आणि नऊ दिवस रुग्णालयात काढावे लागले. बिल धाकट्याच्या मेडिक्लेममधून गेलं, पण रात्री सोबतीला ठेवलेल्या बाईचे पैसे त्यात बसले नाहीत. ते भावंडांच्या खात्यातून गेले, फोनाफोनी न करता. केअर होमने सवयीने पूर्ण महिन्याचं बिल लावलं होतं, कराराचं कलम दाखवल्यावर शेवटच्या दोन दिवसांची अर्धी फी वळती केली. रक्कम किरकोळ होती, तरी लेकीने ती सोडली नाही, आणि मला ते आवडलं.

रुग्णालयातून परतल्यावर पाठीला बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, दिसली. एअर बेड घ्यावा लागला, ड्रेसिंग सुरू झालं, डायपर वाढले. वरखर्च 7,000वरून 10,500वर गेला. महागाई सवलत जुलै 2025पासून 58 टक्के झाल्याने दुरुस्तीनंतरची पेन्शन 20,856 होते, तरीही महिन्याला तेराशेच्या आसपास कमी पडतात. ते भावंडांच्या खात्यातून जातात आणि त्या खात्यात शिल्लक वाढतेच आहे. हयातीचा दाखला ऐंशीपुढच्या पेन्शनरांना नोव्हेंबरची वाट न बघता 1 ऑक्टोबरपासून देता येतो. लेकीने केअर होमच्या व्हरांड्यात काकूंना उजेडात बसवून जीवन प्रमाणच्या ॲपवर चेहरा दाखवून तो केला. बोटांची कटकट टळली.

येत्या एप्रिलला फी 34,560पर्यंत जाऊ शकते. पेन्शन, पोस्टाचं व्याज, भाडं आणि भावंडांचे 6,000 धरून ते पेलेल. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बँकेतली साडेचार लाखांची ठेव थोडी थोडी मोडावी लागेल असा माझा अंदाज आहे, आणि ती मोडायलाच ठेवलेली आहे. थोरल्याला हे अजून जड जातं. ठेव पूर्ण राहिली तर त्याला बरं वाटेल, असं तो उघड म्हणतो.

फ्लॅटच्या नावाचा प्रश्न मात्र लोंबकळत आहे. तिघांनी आपापला हिस्सा आईच्या नावे सोडावा, असं थोरल्याचं म्हणणं. आईची समज दिवसेंदिवस कमी होते आहे, नंतर मृत्युपत्र करता येणार नाही आणि सगळं पुन्हा वारसांत येईल, मग हा खटाटोप कशाला, असं धाकट्याचं. या मुद्द्यावर मला धाकट्याचं पटतं. चौघांची नावं सोसायटीत लावून घ्यावीत आणि भाड्याची संमती आहे तशी चालू ठेवावी, असं मी सांगितलं आहे. लेकीने सोसायटीकडे वारसनोंदीचे फॉर्म मागितले आहेत. भाडेकराराचं नूतनीकरण तोंडावर आलं आहे आणि या वेळी काकूंची सही चालेल की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारावं लागेल.